गेमिंग लॅपटॉप घेताय? आधी यंत्र ठरवा, सेल शेवटी बघा

मोठ्या अक्षरांतली सूट बघून गेमिंग लॅपटॉपच्या खरेदीला सुरुवात करू नका. ती सूट कोणत्या आकड्यावरून मोजायची हे विक्रेता ठरवतो. लॅपटॉप किती पैशांच्या लायकीचा आहे हे मात्र तुम्हाला स्वतःला ठरवता येतं, आणि त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. या बाजारात दोन लॅपटॉपचं नाव, रंग आणि स्टिकर सगळं सारखं असतं, पण एकाच्या ग्राफिक्स चिपला दुसऱ्याच्या निम्मीच वीज मिळते, असं सर्रास दिसतं. निम्म्या विजेचा लॅपटॉप तीस टक्के सवलतीत मिळाला तरी तो स्वस्त पडला असं म्हणता येत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी यंत्र नक्की करा, मग त्याला किती मोजायचे ते ठरवा, आणि सेलकडे त्यानंतर वळा.

पायरी १: काय खेळणार ते लिहून काढा

पुढच्या दोन-तीन वर्षांत खरोखर खेळणार आहात असे चार-पाच गेम कागदावर लिहा. ऑनलाइन स्पर्धेचे नेमबाजीचे गेम असतील तर मधल्या दर्जाचं ग्राफिक्स कार्डही भरपूर फ्रेम (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) देतं. तिथे प्रोसेसर दमदार आणि स्क्रीन किमान १४४ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारी हवी. लांबलचक कथानकाचे, अफाट नकाशांचे गेम खेळायचे असतील तर सगळा भार ग्राफिक्स कार्डावर आणि त्याच्या मेमरीवर पडतो. प्रत्येक गेमच्या पानावर लागणाऱ्या यंत्रणेचे दोन रकाने असतात. त्यातला ‘किमान’ सोडा आणि ‘शिफारस’ वाचा. तिथे लिहिलेलं कार्ड बहुधा डेस्कटॉपचं असतं, त्यामुळे लॅपटॉपसाठी एक पायरी वरचं धरा.

लॅपटॉप टेबलावरून कधी हलणारच नसेल तर डेस्कटॉपचा विचार नक्की करा. तेवढ्याच पैशांत तो जास्त वेगवान मिळतो, कमी तापतो आणि पुढे सुटे भाग बदलता येतात. पण हॉस्टेल, भाड्याची खोली, सततचा प्रवास अशी गरज असेल तर लॅपटॉपच बरा.

पायरी २: ग्राफिक्सच्या नावामागचे वॉट शोधा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या, कारण पैसे वाचतात किंवा बुडतात ते इथेच.

उदाहरण म्हणून एनव्हिडिया कंपनीचं आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड बघा. लॅपटॉपमधल्या या चिपला किती वीज द्यायची हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. एनव्हिडियाच्या स्वतःच्या तक्त्यात ही मर्यादा ३५ ते ११५ वॉट अशी दिलेली आहे. त्यावर ‘डायनॅमिक बूस्ट’ची (गरजेप्रमाणे प्रोसेसरच्या वाट्याची वीज ग्राफिक्सकडे वळवण्याची सोय) भर पडली की जाहिरातीत १४० वॉट लिहिलेलं दिसतं. पातळ, हलक्या लॅपटॉपमध्ये उष्णता बाहेर टाकायला जागा नसते, म्हणून तिथे विजेला लगाम घातलेला असतो. स्टिकर दोन्हींवर ४०६० चंच असतं. काही वेळा तर जास्त वॉटचं खालच्या क्रमांकाचं कार्ड कमी वॉटच्या वरच्या क्रमांकाला मागे टाकतं.

हा आकडा ‘टीजीपी’ किंवा ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’ या नावाने कंपनीच्या तांत्रिक तपशिलात मिळतो. विक्रीच्या पानावर तो नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचं तपशीलपत्र उघडा. तिथेही नसेल तर तो लॅपटॉप यादीतून काढून टाका. जो आकडा चांगला असतो तो कंपन्या लपवत नाहीत.

याला दुसरी बाजूही आहे. ४०५०, ४०६० आणि ४०७० या तिन्ही चिपांचा वेग साधारण १०० वॉटच्या पुढे फारसा वाढत नाही, बहुतेक गेममध्ये त्या त्याहून जास्त वीज ओढतच नाहीत. तेव्हा ११५ ऐवजी १४० वॉट आहेत एवढ्यासाठी जास्त पैसे मोजू नका. ६० आणि १०० मधला फरक खरा आहे. ११५ आणि १४० मधला बहुतांशी जाहिरातीपुरता.

दुसरी गोष्ट ग्राफिक्स मेमरीची. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०७० ला १२ जीबी मेमरी आहे, लॅपटॉपमधल्या ४०७० ला ८ जीबी. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा हा प्रकार आहे. ४०९० मध्येही डेस्कटॉपला २४ आणि लॅपटॉपला १६ जीबी. २०२५ मध्ये आलेल्या मालिकेत लॅपटॉपच्या ५०५०, ५०६० आणि ५०७० या तिन्हींना ८ जीबी आहे, आणि १२ जीबी मिळते ती ५०७० टीआयपासून. नव्या मोठ्या गेममध्ये टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाचं बारीक चित्रण) वरच्या दर्जावर ठेवलं की ८ जीबी अपुरी पडू लागते आणि खेळ अडखळतो. ही मेमरी पुढे वाढवता येत नाही. म्हणून माझं मत असं: ८ जीबीतच राहायचं असेल तर ५०६० किंवा ४०६० घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या स्क्रीनवर घाला. ५०७० ला बराच जास्त भाव लावलेला असेल तर तिथे थांबू नका, जमत असेल तर थेट ५०७० टीआयपर्यंत जा. अगदी खालच्या टोकाला ४ जीबीचं आरटीएक्स २०५० आणि सुरुवातीचं ३०५० अजून विकायला असतं. नावात आरटीएक्स आहे म्हणून त्यांना भुलू नका. ३०५० घ्यायचंच असेल तर त्याची नंतर आलेली ६ जीबीची आवृत्ती शोधा.

तिसरी गोष्ट ‘मक्स स्विच’. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कार्डाने बनवलेलं चित्र आधी प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सकडे जातं आणि मग स्क्रीनवर येतं. त्यात काही फ्रेम वाया जातात. मक्स स्विच किंवा ‘ॲडव्हान्स्ड ऑप्टिमस’ असेल तर हा वळसा टाळता येतो. स्पर्धेचे गेम खेळणाऱ्यांनी हे जरूर बघावं.

जाहिरातीतल्या फ्रेमच्या आलेखांबद्दलही सावध राहा. ४० मालिकेपासून (४०५०, ४०६० वगैरे) ‘फ्रेम जनरेशन’ आलं आणि ५० मालिकेत एका खऱ्या फ्रेममागे एकाहून जास्त बनवलेल्या फ्रेम घालता येतात. चित्र त्यामुळे गुळगुळीत दिसतं हे खरं. पण माऊस हलवल्यावर मिळणारा प्रतिसाद खऱ्या फ्रेमवरच अवलंबून असतो. तुलना करताना फ्रेम जनरेशन बंद असतानाचेच आकडे घ्या.

पायरी ३: प्रोसेसर

इथे फार डोकं खपवायची गरज नाही, पण नावांत एक गोम आहे. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत चार आकड्यांपैकी तिसरा आकडा चिपची पिढी सांगतो. ७७३५एचएस मध्ये तो ३ आहे, म्हणजे आत झेन ३+ ही जुनी रचना आहे. ७८४०एचएस मध्ये ४, म्हणजे झेन ४. दोन्हींवर ‘रायझन ७’ असंच लिहिलेलं असतं. इंटेलमध्ये शेवटची अक्षरं बघा: आय७-१३६२०एच मध्ये १० कोअर आहेत आणि आय७-१३६५०एचएक्स मध्ये १४. जुन्या पिढीचा प्रोसेसर असलेला लॅपटॉप वाईट नसतो, मधल्या दर्जाच्या ग्राफिक्ससोबत तो छान चालतो. फक्त नव्या पिढीचे पैसे त्याला द्यायचे नाहीत. घासाघीस करायला ही जागा चांगली आहे, कारण प्रोसेसरवर केलेल्या काटकसरीची झळ गेममध्ये कमी बसते.

पायरी ४: स्क्रीन, जिथे कंपन्या गुपचूप काटकसर करतात

लॅपटॉप अचानक फार स्वस्त वाटला तर पाणी कुठे मुरतंय ते आधी स्क्रीनमध्ये शोधा. तपशिलात ‘४५ टक्के एनटीएससी’ (किती रंग दाखवता येतात त्याचं माप) आणि ‘२५० निट्स’ (चमकेचं माप) असे शब्द दिसले तर तो पडदा फिकट आणि अंधूक असणार हे नक्की. लाल रंग विटकरी दिसतो, अंधाऱ्या दृश्यात शत्रू दिसत नाही आणि खिडकीजवळ बसलं की स्वतःचाच चेहरा दिसतो. ‘१०० टक्के एसआरजीबी’ (हेही रंगांचंच माप) आणि निदान ३०० निट्स मागा. त्याच लॅपटॉपची चांगल्या पडद्याची आवृत्ती थोडी महाग असते. ते पैसे द्यावेत असंच मी म्हणेन. रॅम बदलता येते, एसएसडी (फाइली आणि गेम साठवायचा भाग) बदलता येते, पण रोज तासन् तास ज्याच्याकडे बघायचं तो पडदा बदलणं सोपं नाही.

हर्ट्झच्या आकड्यामागे फार धावू नका. ४०५० किंवा ४०६० सोबत १४४ किंवा १६५ पुरेत. पडदा २५६०×१६०० चा असेल तर ग्राफिक्सही त्या ताकदीचं हवं, नाहीतर गेम कमी रिझोल्यूशनवर चालवावा लागतो आणि पडद्यावर खर्च केलेले पैसे फुकट जातात. घरी चांगला मॉनिटर असेल आणि बहुतेक खेळ त्यावरच होणार असेल तर मात्र साध्या पडद्याचा लॅपटॉप घेऊन पैसे वाचवणं शहाणपणाचं.

पायरी ५: रॅम आणि एसएसडी

रॅम १६ जीबी असावी, आणि शक्यतो ८-८ च्या दोन पट्ट्यांत. एकच पट्टी असली की प्रोसेसरला डेटा अर्ध्या रुंदीच्या वाटेने मिळतो आणि बऱ्याच गेममध्ये फ्रेम घसरतात. रॅम बोर्डावर कायमची डकवलेली आहे की स्लॉटमध्ये आहे हे बघा. तपशिलात ‘एलपीडीडीआर५’ किंवा ‘ऑनबोर्ड’ लिहिलं असेल तर ती सहसा बदलता येत नाही. ‘आत्ता ८ जीबी घेऊ, नंतर वाढवू’ हा हिशेब पूर्वी हमखास जमायचा. पण २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव झपाट्याने चढले, त्यामुळे आता दोन्ही बाजूंची बेरीज करूनच ठरवा.

एसएसडी ५१२ जीबीची असली तर विंडोजमध्ये ती साधारण ४७६ जीबी दिसते. त्यातून सिस्टिमची जागा वजा केली की १०० जीबीचे तीन-चार गेम बसतात आणि जागा संपते. दुसरा एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायची जागा) रिकामा असेल तर काळजी नाही, पुढे भर घालता येईल.

बॅटरीबद्दल एवढंच: चार्जर काढला की गेमचा वेग बराच पडतो, कारण बॅटरी तेवढी वीज एकदम देऊ शकत नाही. मोठी बॅटरी कॉलेजात नोट्स काढण्यासाठी उपयोगाची. ‘९९.९ वॉट-तास’ हा आकडा बऱ्याच ठिकाणी दिसतो त्याचं कारण विमानप्रवास. १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी परवानगीशिवाय सोबत नेता येते.

पायरी ६: पूर्ण मॉडेल क्रमांक पकडा

लॅपटॉपचं गोंडस नाव म्हणजे पूर्ण ओळख नव्हे. एकाच नावाखाली चार पडदे, तीन ग्राफिक्स आणि दोन प्रकारच्या रॅम विकल्या जातात. खरी ओळख त्या लांबलचक क्रमांकात असते. असूसच्या टफ मालिकेतले एफए५०७एनयू आणि एफए५०७एनव्ही हे दोन क्रमांक बघा. फरक फक्त शेवटच्या अक्षराचा, पण एनयू म्हणजे ४०५० आणि एनव्ही म्हणजे ४०६०. लेनोवोच्या लॉक १५आयआरएक्स९ मध्ये ‘आय’ इंटेलचा आणि शेवटचा आकडा पिढीचा.

हा क्रमांक मिळाला की त्याची स्वतंत्र परीक्षणं वाचा. नोटबुकचेकसारख्या ठिकाणी पडद्याची चमक, रंग, पंख्यांचा आवाज आणि तासभर भार टाकल्यानंतरचं तापमान मोजून दिलेलं असतं. परीक्षणातला क्रमांक आणि तुम्ही घेताय तो क्रमांक अक्षरन् अक्षर जुळतो का ते तपासा. परीक्षकांकडे बहुधा वरची आवृत्ती पाठवलेली असते.

पायरी ७: तुमची किंमत ठरवा आणि वाट बघा

आता यादीत तीन लॅपटॉप उरले असतील. प्रत्येकाचे त्याच गेममधले, त्याच सेटिंगवरचे सरासरी फ्रेम लिहा आणि किमतीला त्या आकड्याने भागा. एक फ्रेम केवढ्याला पडते ते कळेल. दुसरा लॅपटॉप पंचवीस टक्के महाग आणि फक्त दहा टक्के वेगवान असेल, तर ते जास्तीचे पैसे पडद्यासाठी, बांधणीसाठी की नुसत्या दिव्यांसाठी जाताहेत, हे स्वतःला विचारा.

मग प्रत्येकाचा भाव निदान महिनाभर पाहत राहा. ॲमेझॉनवरच्या वस्तूंसाठी कीपा हे साधन जुन्या किमतींचा आलेख दाखवतं. इतर ठिकाणी वहीत तारीख आणि भाव टिपला तरी चालतं. सेलच्या आधी किंमत वर चढवून मग ‘उतरवलेली’ अशा आलेखात लगेच उघडी पडते. गेल्या काही महिन्यांतली सगळ्यात कमी किंमत हीच तुमची मोजपट्टी. छापील किंमत विसरून जा.

काळवेळही बघा. एनव्हिडियाच्या लॅपटॉप ग्राफिक्सच्या ३०, ४० आणि ५० या मालिका अनुक्रमे २०२१, २०२३ आणि २०२५ च्या जानेवारीत जाहीर झाल्या. नवी मालिका दुकानांत यायला त्यानंतर महिना-दोन महिने लागतात, आणि त्या सुमारास जुन्या मालिकेचा माल काढून टाकण्याची घाई सुरू होते. माझ्या मते बहुतेकांसाठी सगळ्यात चांगला सौदा यातच असतो: मागच्या पिढीचा, वरच्या दर्जाचा, चांगल्या पडद्याचा लॅपटॉप. पण तो माल मर्यादित असतो. हवा तो क्रमांक तुमच्या ठरलेल्या किमतीला आला की आणखी उतरेल म्हणून ताणू नका.

बँकेच्या कार्डावरची सवलत, विद्यार्थी सवलत, जुना लॅपटॉप देऊन मिळणारी वजावट, हे सगळं धरून हातातून नेमके किती पैसे जाणार तेवढंच लिहा. हप्त्यांवर घेत असाल तर हप्त्यांची पूर्ण बेरीज करा. ‘बिनव्याजी’ हप्त्यांतही प्रक्रिया शुल्क असू शकतं, आणि रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट कधी कधी हप्तेवाल्याला मिळत नाही.

पायरी ८: वापरलेला किंवा नूतनीकृत घ्यायचा असेल तर

कंपनीने स्वतः तपासून, वॉरंटीसह पुन्हा विकायला काढलेला लॅपटॉप हा चांगला पर्याय आहे. नव्या सीलबंदपेक्षा तो बराच स्वस्त पडतो आणि काही झालं तर विचारायला कुणीतरी असतं. अनोळखी माणसाकडून घेताना मात्र स्वतः समोर बसून तपासा.

लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा. टचपॅड वर आलेला किंवा तळ फुगलेला दिसला तर बॅटरी सुजलेली आहे, तो सौदा तिथेच सोडा. बिजागऱ्यांपाशी तडे बघा. विक्रेत्याला तुमच्यासमोर विंडोज पूर्ण पुसून नव्याने सुरू करायला सांगा. सुरू होताना एखाद्या संस्थेचं नाव आणि तिथल्या खात्याने लॉगिन करण्याची मागणी आली, तर ते यंत्र कुठल्या तरी कंपनीच्या नियंत्रणात आहे. ते घेऊ नका. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) शिरून बघा, तिथे पासवर्ड नसावा. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट’ हा आदेश इंग्रजी अक्षरांत टाका. जो अहवाल तयार होतो त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची पूर्ण क्षमता शेजारी शेजारी दिसतात. आजची मूळच्या साठ-सत्तर टक्क्यांवर आली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च भावातून वजा करून मागा. शेवटी अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी किती उरली आहे ते पडताळा, आणि मूळ पावती घ्या.

पायरी ९: घरी आणल्यावर पहिले दोन-तीन दिवस

परत करायची मुदत छोटी असते, म्हणून ही कामं लगेच उरका. खोका उघडताना सलग व्हिडिओ काढा आणि त्यात अनुक्रमांक दिसू द्या. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमधलं ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडा. तिथे मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवरचा आकडा असतो, तो तपशीलपत्राशी जुळला पाहिजे. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ भागात ‘मेमरी’वर टिचकी मारली की किती स्लॉट आहेत आणि किती वापरात आहेत ते दिसतं. दोन पट्ट्यांचे पैसे दिले असतील तर ‘२ पैकी २’ दिसायला हवं. पडद्यावर पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा आणि निळा रंग एकेक करून भरा, मेलेला पिक्सेल लगेच नजरेत येतो. अंधाऱ्या खोलीत काळ्या रंगावर कडांतून प्रकाश किती पाझरतो तेही बघा.

मग चार्जर लावून, परफॉर्मन्स मोडवर, तुमच्या यादीतला सगळ्यात जड गेम अर्धा-पाऊण तास चालवा आणि बाजूला एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि वॉट दाखवणारं सॉफ्टवेअर) सुरू ठेवा. ग्राफिक्सचं तापमान बहुतेक लॅपटॉपमध्ये सत्तरीच्या शेवटापासून ऐंशीच्या मध्यापर्यंत स्थिरावतं, आणि तसं ते चालतं. पण पहिली दहा मिनिटं झाल्यावर वॉट घसरत गेले, तापमान ८७ च्या आसपास अडकलं आणि फ्रेम उतरल्या, तर त्या मॉडेलच्या परीक्षणात तसंच झालं होतं का ते ताडून बघा. तिथे झालं नसेल तर तुमच्या हाती आलेल्या नगात खोट आहे. दुरुस्तीच्या फेऱ्यात न पडता मुदतीत बदलून मागा.

सगळं ठीक असेल तर वॉरंटीची तारीख तेवढी तपासा. कंपनीच्या नोंदीत ती कधी कधी दुकानदाराकडे माल गेला त्या दिवसापासून धरलेली असते, आणि जुन्या साठ्यातल्या लॅपटॉपवर त्यामुळे काही महिने आधीच कापले गेलेले असतात. खरेदीची पावती पाठवून ती तारीख दुरुस्त करून मागता येते.